नारायण मास्तरांची उभी कसरत

"व्यायाम? अन् मले? अहो, दुकान उघडलं की माहा व्यायाम सुरू, अन् दिवे लागले की बंद!"

देऊळगाव राजाच्या बाजारातले कटिंग मास्तर नारायणराव हे वाक्य गिऱ्हाइकाला मापाबरोबर फुकट द्यायचे. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि गावातल्या पोरांची पँट शिवून घ्यायची हौसही नवीच होती. त्यामुळे मास्तरांच्या कात्रीला उसंत नव्हती. सकाळी टेबलापुढे उभे राहिले की संध्याकाळीच हलायचे. दुकानात एक स्टूल होतं, पण त्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या बसायच्या!

"उभं राहणं हीच खरी कसरत," कापडावर खडूची रेघ मारत मास्तर सांगायचे. "पोटऱ्या पाहा माह्या! लोखंड!"

बाजूला मशीन चालवणारा फकीर मोहम्मद त्यांचा जुना दोस्त. तो पाय मारता मारता म्हणायचा, "मास्तर, गोठ्यातला खुंटाही दिवसभर उभाच राह्यते. तो का पैलवान होते?"

"तू बसून काम करणारा माणूस! तुले काय समजते?"

"बसून? माहे पाय पाहा न, चालूनच राह्यले! या मशीनले चाकं असते तं मी आतालोक जालन्याले पोचलो असतो!"

हा वाद रोजचा होता. तो असाच चालत राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मास्तरांच्या भाच्याचं लग्न ठरलं!

मास्तरांची थोरली बहीण रुखमाबाई. तिचा मुलगा तुळशीराम, आणि नवरी सुलतानपूरच्या उकंडरावांची लेक. आता त्या घरांत लग्न लागलं की झेंडा नाचवायची रीत. नवरदेवाला त्याच्या मामाने खांद्यावर घ्यायचं, नवरीला तिच्या मामाने, आणि ताशाच्या तालावर दोघांनी मांडव दणाणून सोडायचा. ज्या मामाने आधी खाली उतरवलं, त्या बाजूला पुढे कित्येक लग्नांत टोमणे खावे लागायचे. त्यात तुळशीराम दूधदुभत्यावर वाढलेला गडी! तो गाडीत चढला की बैल मान वळवून बघायचे.

रुखमाबाई दुकानात आली, पिशव्या बाजूला सारून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नारायण, जमन न तुले?"

"काय जमन?"

"झेंडा, दुसरं काय! माह्या जावेचा भाऊ आतापासून दंड चोळून राह्यला. म्हणते, रुखमाबाईच्या भावाच्यानं होत नसन तं मी हावो न! बाबू, माहं माहेर म्हणजे तू एकटा. चार लोकांत माही मान खाली जाऊ देऊ नको."

तिचे डोळे भरून आले. आई गेल्यावर याच बहिणीने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला नाही कसं म्हणायचं? आणि तोंडाला तर सवयच होती!

"बाई, तू एका तुळशीरामाचं काय घेऊन बसली? दोन आण, दोन उचलतो!"

फकीर मोहम्मदच्या मशीनचा धागा तटकन तुटला.

घरी सत्यभामाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अहो, पहाटे उठून जरा चालत तरी जा. विहिरीचं पाणी आणत जा. नाई तं भाच्यासकट आडवे व्हसान!"

"दिवसभर उभा राह्यतो तो काय झोपा काढाले?" मास्तर गरजले.

पण त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कात्री उचलावी, खाली ठेवावी. दारात जावं, परत यावं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय त्यांनी पँटचा कापला आणि दुसरा चड्डीचा! दुकान रिकामं दिसलं की कापडाचा तागा खांद्यावर घेऊन बघायचे. एके दुपारी तर त्यांनी फकीर मोहम्मदलाच मागून कवेत धरलं.

"या अल्ला! मास्तर, काय करून राह्यले?"

"गप बस! वजन पाहून राह्यलो!"

फकीर मोहम्मद बोटभरही उचलला गेला नाही. आणि तो तुळशीरामाच्या निम्मा होता.

लग्नाचा दिवस उजाडला. सुलतानपूरच्या मांडवात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या आणि ताशा कडाडला. नवरीचा मामा कडूबा म्हणजे आखाड्यातली तालीम केलेला तरणाबांड गडी. त्याने भाचीला झोकात खांद्यावर घेतलं आणि गिरकी मारली. इकडे चौघांनी हात लावून तुळशीरामाला मास्तरांच्या खांद्यावर ठेवलं. पोतं ठेवतात तसं!

मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. जावेचा भाऊ हातावर हात चोळत पुढेच उभा होता. मास्तरांनी दात आवळले, गुडघे ताठ केले आणि टेबलापुढे उभे राहतात तसे घट्ट उभे राहिले. बस्स, उभेच राहिले!

"मामा, हाला न जरासे!" वरून तुळशीराम कुजबुजला. "लोकं पाहून राह्यले!"

"हाललो तं पडलो! तू वरून हात हालव!"

तुळशीराम वरून हात हलवू लागला. ताशेवाल्याने ताल बदलून पाहिला, वाढवून पाहिला. मास्तर ढिम्म! कडूबा मात्र पेटला. हा मामा आपल्याला खिजवतोय असं वाटून त्याने चौफेर उड्या मारल्या, मांडवभर गिरक्या घेतल्या, आणि शेवटी धापा टाकत भाचीला खाली ठेवून तिथेच बसकण मारली.

"जिंकला! वरमामा जिंकला!" वऱ्हाडाने एकच गिल्ला केला. रुखमाबाईने जावेकडे असं पाहिलं की बास!

तुळशीरामाला खाली घेतलं. मास्तर हसले आणि एक पाऊल टाकायला गेले. पाऊल पडेना! गुडघे जे ताठ झाले होते ते वाकायलाच तयार नव्हते.

आणि नेमकी तेव्हाच पंगत मांडली गेली. वरमामा पाटावर बसल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही, हा त्या घरचा मान.

"बसा, मामासाहेब," उकंडराव हात जोडून म्हणाले.

"नाई, नाई, राहू द्या," मास्तर कसनुसं हसत म्हणाले. गुडघे गेले असं सांगावं, तर आताच मिळालेली जीत मातीत! आणि पोटऱ्यांच्या लोखंडाचं काय?

उकंडरावांचा चेहरा उतरला. ते बायकोच्या कानाशी लागले, "मामा रुसला व!"

लगेच फेटा आला. मास्तरांच्या डोक्याला बांधला. "आता बसा."

"अहो, फेट्याचं काई नाई..."

"फेट्यानं भागत नाई म्हणते!" मागून कुणीतरी ओरडलं. धोतरजोडी आली. मास्तरांनी दोन्ही हात हलवून नको नको केलं. पत्रावळीवरचं वरण गार होत होतं आणि म्हातारी माणसं चुळबुळत होती. शेवटी उकंडरावांनी गोठ्यातून लाडकी कालवड सोडून आणली आणि तिचं दावं मास्तरांच्या हातात दिलं. "मामासाहेब, याच्यावर माह्याजवळ काई नाई. आता तरी बसा!"

रुखमाबाई तरातरा आली. डोळ्यांत पाणी आणि रागही. "नाऱ्या! माह्या लेकाच्या लग्नात रुसतं बे? कालवड मांगतं?"

मास्तर रडकुंडीला येऊन तिच्या कानाशी कुजबुजले. "बाई, तुह्या गळ्याची आण, रुसलो नाई व. गुडघेच वाकून नाई राह्यले!"

रुखमाबाईने भावाच्या पायांकडे पाहिलं. मग जावेच्या भावाकडे पाहिलं. आणि पदर खोचून व्याह्यांना खणखणीत आवाजात म्हणाली, "इवाई, माहा भाऊ रुसला नाई! त्याचा नवस आहे बालाजीले! भाच्याचं लग्न लागलं की उभ्यानं जेवीन म्हणून!"

उकंडरावांनी मास्तरांचे पायच धरले. बिचाऱ्या पायांना तेवढंही सहन होईना! "धन्य आहे! अन् नवसाचा माणूस उभा असतानी आम्ही बसून खावं? उठा रे सारे!"

सारी पंगत उठली! एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हाताने घास. वरण मनगटावरून कोपरापर्यंत वाहत होतं. म्हातारे एकमेकांना टेकून जेवत होते. जावेच्या भावाच्या कोऱ्या धोतरावर वांग्याची अख्खी भाजी सांडली. मास्तरांना मात्र रुखमाबाईने स्वतः घास भरवला, लहानपणी भरवायची तसा. "माहेर राखलं, बाबू," ती हळूच म्हणाली, आणि दंडाला करकचून चिमटा काढला.

परतीच्या एसटीत जागा रिकामी होती. कंडक्टर बसा बसा म्हणत राहिला आणि मास्तर दांडीला धरून देऊळगावपर्यंत उभेच आले. पुढे सत्यभामाबाईंनी गरम पाण्याने शेकून शेकून ते गुडघे कसेबसे वाकवले.

कालवड मागाहून आली. मानाची वस्तू, परत करायची सोय नाही! सत्यभामाबाई फार खूश झाल्या. "हिले रोज पहाटे चरायले न्यायचं. तुम्हीच!"

तेव्हापासून मास्तर रोज उजाडताना दावं धरून पळू लागले. कधी ते कालवडीच्या मागे, कधी कालवड त्यांच्या मागे. आणि तिच्या मनात आलं की ती भर बाजारात चारी पाय रोवून थांबायची. मग ढकला, ओढा, हातापाया पडा!

एके दिवशी ती अशीच नेमकी दुकानासमोर थांबली. मास्तर घामाघूम होऊन दावं ओढत होते, बाजार जमला होता. फकीर मोहम्मदने मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यांदा ओरडला:

"मास्तर, ओढू नका तिले! व्यायाम करून राह्यली ते!"