आवेग वाढवण्याबाबत

जलद गोलंदाजी हा मुळात आवेगाचा खेळ आहे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

हे वाक्य माझेच. महिला जलद गोलंदाज प्रशिक्षण संस्थेत मी मापन अधिकारी आहे, आणि गेल्या वर्षी सादर केलेल्या अहवालाची सुरुवात मी याच वाक्याने केली होती. पुढे लिहिले होते की वीस मीटरची धाव संपताना पुढचा पाय जमिनीवर पडतो, त्या क्षणी गोलंदाजाचा आवेग वाढला पाहिजे. त्यासाठी कमरेला वजन बांधून धावणे, लाकडी खोक्यावर उड्या मारणे आणि तीन किलोचा चेंडू भिंतीवर आदळणे असे व्यायाम सुचवले होते. पानाच्या तळाशी टीप होती: आवेग म्हणजे बल गुणिले वेळ.

संस्थेचे छायाप्रत काढण्याचे यंत्र प्रत्येक पानाचा खालचा दोन बोटे भाग खाते. (यंत्र जुने आहे. खाणारे जुने असले की कोणी बोलत नाही.) त्यामुळे टीप सोडून सगळा अहवाल सर्वांपर्यंत पोचला.

संचालकांनी तो एका बैठकीत वाचला आणि डोळे पुसले. "इतकी वर्षं आपण पायांवर काम केलं," ते म्हणाले, "मनावर केलंच नाही."

आठवड्याभरात नवे वेळापत्रक लागले. सकाळी सहा ते पावणेसात: संताप (प्राथमिक). मग नाकपुड्या फुगवणे, प्रत्येकी वीस वेळा. आठ वाजता दात-ओठ खाणे. पहिला पंधरवडा दात आणि ओठ स्वतंत्रपणे, नंतर एकत्र. नऊनंतर संताप (प्रगत), म्हणजे कारण नसताना. धावणे ऐच्छिक झाले, कारण दमलेल्या माणसाला नीट चिडता येत नाही. हे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि त्याचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे.

मी संचालकांना भेटून सांगितले की आवेग ही एक राशी आहे, तिला सूत्र आहे.

"आवेगाला सूत्र?" ते हसले. "मॅडम, मग प्रेमालाही एक द्या. फार बारीक बघता बुवा तुम्ही. सत्तावीस मुली रोज सकाळी वेळेवर चिडतायत. आता एका शब्दासाठी सगळ्यांना शांत करायचं? अर्थ बदलून हवा असेल तर अर्ज करा."

मी अर्ज केला. तो छायाप्रतीसाठी गेला. माझी विनंती शेवटच्या ओळीत होती.

दरम्यान माझ्यावर नवी जबाबदारी आली. तळपायाची आग मस्तकात जाते हे सर्वज्ञात आहे. ती किती वेळात जाते हे कोणी मोजले नव्हते. मी टाचेला एक आणि कपाळाला एक असे दोन तापमापक लावून सत्तावीस जणींची मोजणी केली. एक सोडून बाकीच्यांची सरासरी २.४ सेकंद. उंच मुलींना तोटा होतो, कारण आगीला अंतर जास्त पडते.

सर्वांत उंच मुलीला सगळे शिडी म्हणत. पाच फूट अकरा इंच, एरवी शब्दाला महाग. तिची आग निघतच नसे. पण मूळ अहवाल, तळटीपेसकट, तिनेच माझ्याकडून वाचायला नेला होता. सामानाच्या खोलीमागे ती एकटीच वजन ओढत धावायची. चार महिन्यांत तिचा चेंडू ताशी एकशे सतरावरून एकशे बावीस किलोमीटरवर गेला. संस्थेत एवढा वेग दुसऱ्या कोणाचाच नव्हता. महिनाअखेरीस तिला तेवीस वर्षे पूर्ण होणार होती, आणि तेविशीनंतर मुख्य संघाचे दार बंद. म्हणजे शनिवारची निवड चाचणी तिची शेवटची.

प्रशिक्षकांचा तिच्यावर जीव होता. "अगं, जरा चिड की! लहानपणी आईनं कधी धपाटा घातला असेल, तो आठव."

"नाही घातला, सर. ती नर्स आहे. तिला वेळच नसायचा."

"कुणी तरी छळलं असेल ना?"

"तुम्ही, सर."

"शाब्बास! मग येतोय राग?"

"नाही. सवय झालीय."

चाचणीचे गुण शंभर: आवेगाला सत्तर, धावण्याला वीस, चेंडूला दहा. प्रेक्षकांना प्रवेश होता, आणि ते भरपूर आले.

शिडी धावली. वीस मीटर, ३.११ सेकंद. चेंडू मधल्या यष्टीवर बसला आणि यष्टीचे दोन तुकडे झाले. ती पुढे गेली, तुकडे उचलले आणि माळीकाकांना विचारले, "काका, दुसरी आहे का हो?" प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणाले, "हिच्यात काही आगच दिसत नाही." आवेग: शून्य.

तिच्यानंतर आलेल्या मुलीने धावता धावता डरकाळी फोडली, टोपी दातांनी फाडली, पंचांकडे बघून पाय आपटले आणि सीमारेषेवरच्या पांढऱ्या पडद्याला लाथ घातली. सगळे मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले. चेंडू तिच्या हातातच होता. त्याचे दहा गुण तेवढे गेले. नव्वद गुणांनी तिची निवड झाली.

प्रशिक्षक तापमापक घेऊन शिडीकडे धावले. आता तरी आग निघाली असेल. ती बुटाची नाडी सोडत होती.

"मॅडम, वेग किती होता माझा?" तिने मला विचारले.

"एकशे चोवीस."

"बरं." तिने दुसरी नाडी ओढली. ती तुटली. त्यासाठी रकाना नव्हता.

"राग आला की नाही?" प्रशिक्षक काकुळतीला आले होते.

"धावतानाच आला होता, सर."

"मग दिसला का नाही?"

"चेंडूला दिला."

संचालकांनी हे नोंदवून घेतले. संस्थेच्या वेळेत तयार झालेला संताप परस्पर चेंडूला दिल्याबद्दल शिडीला लेखी समज देण्यात आली आणि घरी पाठवण्यात आले. मी तिथेच उभी होते. मी वेगाची नोंदवही मिटली. माझीही नोंद शून्य.

अहवालाची सुधारित आवृत्ती आता निघते आहे. पहिले वाक्य तेच ठेवले आहे, कारण ते सर्वांना पटते. आपणही ते वर वाचून मान डोलावलीत. कोणत्या अर्थाने डोलावलीत, ते कृपया याच पानाच्या तळाशी लिहावे. छायाप्रत आम्ही काढून घेऊ.