सात ढेपांचा माणूस

"देवाला भार सांगितला व्हता तुमी, किलो न्हाई!" जनकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि हट्टा गावच्या अमृतरावांची शेवटची पळवाट बंद झाली.

चार वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, अमृतरावांची बैलजोडी चोरीला गेली होती. तेव्हा त्यांनी नर्सीला जाऊन नामदेव महाराजांना नवस केला : जोडी सापडू दे, माझ्या भाराइतका गूळ वाटीन. आठ दिवसांत जोडी सापडली. गूळ मात्र 'औंदा न्हाई, पुढच्या साली' असं करत राहून गेला. नवस केला तेव्हा अमृतराव पंचावन्न किलोचे होते. आता आडतीच्या काट्यावर ब्याऐंशी भरले.

"बैलं दोनच सापडले, आन मी दीडपट झालो. देव काय माझ्या पोटावर व्याज लावून राहिला का? तवाचे पंचावन्न किलोच वाटतो!" त्यांनी जीव तोडून विचारलं होतं. त्यालाच जनकाबाईंचं वरचं उत्तर होतं.

घरच्या उसाचा गूळ होता सात ढेपा. दहा किलोची एक, म्हणजे सत्तर. घरचा गूळ असताना देवाला विकतचा वाहायचा, ही कल्पनाच अमृतरावांना सहन होईना.

"मंग मीच सत्तरवर येतो," ते म्हणाले. "चैत्रात बसतो तराजूत. ठरलं म्हंजे ठरलं."

दुसऱ्या दिवशी ते वसमतला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर नवे होते, पुण्याहून आलेले. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाला रोज ठरावीक क्यालरी लागतात. जास्त खाल्ल्या की वजन वाढतं.

"आमी न्हाई खाल्ल्या साहेब. आमच्याकडं जवारीच असती."

"ज्वारीतच असतात त्या. तुम्ही दिवसभर काय करता?"

"शेतात असतो. गड्यांवर नजर ठेवतो."

"नजर ठेवायला फार क्यालरी लागत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद लिहून दिला. दिवसाला सोळाशे क्यालरी. त्यात आठ भाकरी, वाटीभर वरण, भाजी, कपभर दूध.

अमृतराव रोज पाच भाकरी खात. आठचा आकडा पाहून त्यांना डॉक्टरांबद्दल आदर वाटला. पण आदर वेगळा आणि आठ भाकरी वेगळ्या. सहावीपाशी घाम फुटायचा, सातवीला डोळे पांढरे व्हायचे.

"राहू द्या की आठवी," जनकाबाई म्हणायच्या.

"कागदावर आठ हाय. सोडली तर वजन कसं उतरंल?" असं म्हणून अमृतराव पाण्याच्या घोटाबरोबर आठवी ढकलायचे.

महिन्याने काट्यावर शहाऐंशी भरले. अमृतराव तडक दवाखान्यात.

"रोज आठ भाकरी खातो, बराबर मोजून! वर चार किलो चढलं!"

डॉक्टरांनी घरची एक भाकर आणायला लावली. जनकाबाईंची भाकर म्हणजे ताटात ठेवली तर चहूबाजूंनी बाहेर डोकवायची. डॉक्टरांनी ती तान्ह्या लेकरांच्या काट्यावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही एकटी साडेतीन भाकऱ्यांच्या बरोबर आहे! कागदावर लहान भाकरी धरली आहे, आमच्याकडची."

"मंग तसं लिवावं की साहेब! पुण्याची भाकर!"

आता मात्र अमृतराव इरेला पेटले. घरच्या मापाने दिवसाला सव्वादोन भाकरी, वर कण नाही. नजर ठेवणं सोडून स्वतः कुदळ धरली. उसाला पाणी दिलं, बांध घातले. डॉक्टर म्हणाले, आता कामाला लागलात, थोडं जास्त खाल्लं तरी चालेल. अमृतराव म्हणाले, चालत न्हाई.

पौषात गालफडं बसली, माघात धोतर कमरेवर ठरेना. शेजारचा कोंडीबा पारावर बोलला, "जनकाबाई घरात जेवू घालीत न्हाई वाटतं!" ते जनकाबाईंच्या कानावर गेलं आणि त्या माघी एकादशीला एकट्याच नर्सीला जाऊन आल्या.

चैत्रात गाव गाडीबैल घेऊन नर्सीला लोटलं. अमृतराव एका पारड्यात बसले, दुसऱ्यात सात ढेपा चढल्या. काटा मधोमध थांबला. अमृतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

मग पंगत बसली. पाच महिन्यांनी अमृतरावांपुढे पुरी आणि शिरा आला. पहिला घास उचलला, तोच जनकाबाई शिऱ्याची परात घेऊन जवळ आल्या.

"पोटभर खावा आता. देवाला बोलून बसलेय मी."

"काय बोललीस?"

"तुमी वाळून काटकी झालता. लोक मला नावं ठिवत व्हते. माघी एकादशीला इथं येऊन बोलले, ह्यांचं अंग पहिल्यावाणी भरू दे, तवाच्या भारानं गूळ वाटीन."

घास हवेतच राहिला. अमृतरावांनी तो हळूच ताटात ठेवला.

"आन अंग न्हाई भरलं तर?" त्यांनी आशेने विचारलं.

"तर काय? जनकाबाईचा नवस फळला न्हाई म्हणतील."

"असं कसं!" शेजारच्या पाटावरून कोंडीबा ओरडला. "देवाला खोटं पाडतो व्हय अमृतराव? वाढा हो तेला! पुऱ्या वाढा!"

पंगतभर एकच ओरडा झाला. चारी बाजूंनी पुऱ्या पडू लागल्या, शिऱ्याचा डोंगर झाला. देवाच्या इज्जतीचा प्रश्न होता, माघार शक्यच नव्हती. अमृतरावांनी डोळे मिटून घास घेतला. घास फार गोड लागला.

पुढच्या साली ऊस दुप्पट लावायचा, हे त्यांनी तिसऱ्या पुरीला ठरवलं.