पहिल्या भेटीला आई

थेरपिस्टशी पहिली भेट कशी पार पाडायची, याची अभिराजने चोख तयारी केली होती. भेट व्हिडिओवर, वीसच मिनिटांची, नुसती ओळख करून घ्यायला. आपल्याला काय होतं ते सांगायचं, जमेल असं वाटलं तर पुढची वेळ ठरवायची आणि आईला पत्ता लागू द्यायचा नाही. मीटिंगच्या नुसत्या नावाने पोराचे हात गार पडतात हे कळलं असतं, तर नागपूरहून आलेल्या सुचेताबाईंनी त्याला जयनगरच्या फ्लॅटसकट उचलून परत नेलं असतं. म्हणून ऑफिसचा कॉल आहे असं सांगून त्याने खोलीचं दार लोटून घेतलं.

घात केला तो शर्टाने. ऑफिसच्या कॉलला हा पठ्ठ्या कॅमेरा बंद ठेवून बनियनवर बसायचा. आज छाती इतकी धडधडत होती, की निदान दिसायला तरी धड असावं म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. दाराच्या फटीतून सुचेताबाईंना तो शर्ट दिसला आणि पडद्यावरची हसरी तरुणीही दिसली. म्हणजे पोरगं आपल्याला न सांगता मुलगी बघतंय! त्या तडक साडी बदलायला गेल्या.

इकडे पडद्यावर थेरपिस्ट मनस्विनी समजावून सांगत होती, की पहिल्या भेटीत सगळं सांगायलाच हवं असं नाही आणि इथे बोललेलं बाहेर जात नाही. अभिराज "मला..." एवढंच म्हणून अडला.

"स्वल्प पाणी प्या. घाई नाही," ती कानडी वळणाने म्हणाली.

त्याने पेला तोंडाला लावला, तोच सुचेताबाई खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्यांनी गाव विचारलं. बेळगाव, आता बसवनगुडीत राहते, असं उत्तर आलं. भावंडं विचारली, आईवडिलांची तब्येत विचारली. अभिराज टेबलाखालून त्यांचा पदर ओढत होता आणि त्याला स्वतःच्या ठोक्यांपलीकडे फारसं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी काम काय करतेस म्हणून विचारलं. मनस्विनीने अभिराजकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच हात जोडले. त्याचं गुपित फोडणं तिच्या नेमात बसत नव्हतं.

"लोकांचं ऐकून घेते," ती म्हणाली.

ऐकून घेणारी सून! सुचेताबाई हरखून गेल्या. पोराची भूक उत्तम, झोप उत्तम, स्वभाव तर विचारूच नको, असं त्यांनी धडाधड सांगून टाकलं. मनस्विनीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात, काकू?"

अभिराजचे बाबा गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"घरी दोन्ही खोल्यांत टीव्ही लावून ठेवते. तेवढाच आवाज," त्या म्हणाल्या. "इथं आली, तर हा बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहतो. घाबरतो, मला कळते ना. पण विचारलं तर मला परत पाठवून देईल, म्हणून विचारत नाही."

अभिराजला फार वाईट वाटलं. आपण लपवत होतो, आणि ही बिचारी आपल्याला कळलंय हेच लपवत होती.

"आई, मी मुलगी बघत नाहीये," तो म्हणाला. "या थेरपिस्ट आहेत. माझ्यासाठी."

सुचेताबाईंनी त्याचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरला. नागपूरचं नावही काढलं नाही. गुपित एकदाचं फुटलं आणि आभाळ काही कोसळलं नाही, म्हणून अभिराजला जरा हायसं वाटलं.

वेळ संपत आली होती. मनस्विनीने संकोचत सांगितलं, की आई आणि मुलगा दोघांनाही एकाच थेरपिस्टने घेणं बरं नाही, तेव्हा पुढे कोण येणार ते तुम्ही सावकाश ठरवा. अभिराजने तोंड उघडलं.

"गुरुवारी मी येते," सुचेताबाई म्हणाल्या. मग त्याच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी समजूत घातली, "आता माझं सुरू झालं ना रे, मधातच काहून सोडू? तुझ्यासाठी आपण दुसरी बघू."