नबीमामांचं एक नंबर पाणी

आमच्या गल्लीतल्या नबीमामांना पाण्याचा पेला दिला की ते तो लगेच तोंडाला लावत नाहीत. आधी वास घेतात, मग एक घोट जिभेवर घोळवतात आणि निकाल देतात, "बोअरचं हाय. क्षार लई." लग्नघर असो की मयताचं, निकाल चुकत नाही. वरवंडला माझ्या मेहुण्याच्या साखरपुड्यात त्यांनी भर पंगतीत सांगितलं, "टाकी धुतल्याली न्हाई." व्याही घास हातात धरून बसले. टाकी खरंच धुतलेली नव्हती.

यात त्यांचा दोष नाही. आमच्या न्हावऱ्यात तीस वर्षं नळाला पाणी त्यांनीच सोडलं. टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पांढरी पावडर, तीही तेच टाकायचे. "माझ्या पाण्यानं एकाचं पोट बिघडलं न्हाई," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की माझं पोट बिघडलं तरी त्यांना सांगायची सोय नव्हती.

ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मामी गेल्या. दौंडला दिलेली लेक बोलवत होती, तर म्हणाले, "दौंडचं पाणी मला मानवत न्हाई." मग त्यांची आठवीतली नात, रुबिना, एक दिवस दौंडहून जीपमधून काचेची पेटी घेऊन आली. तिनं तळाला वाळू घातली, वनस्पती लावल्या, पाच मासे सोडले. निघताना म्हणाली, "नाना, ईदला येईन तवा मला पाचच्या पाच दिसले पायजेत."

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी सातला आमच्या घरी तिचा फोन येऊ लागला, कारण गल्लीत फोन आमच्याकडेच होता. मामा साडेसहालाच इस्त्रीचा शर्ट घालून हजर. घरात ते दखनी बोलतात, पण आमच्या फोनवर शिस्तीत मराठी. बोलणं फक्त माशांचं. कोण जेवला, कोण रुसला, काळा लालच्या मागं कसा लागतो. मी विज्ञानाचा मास्तर, पण माशांना इतके स्वभाव असतात हे मला मामांमुळे कळलं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवं झालं. काचेवर शेवाळ, पानांवर शेवाळ. मामांची झोप उडाली. जन्मभर गावाला स्वच्छ पाणी पाजलं, आणि घरात हे असं.

मी जाऊन पाहिलं. पेटी खिडकीत, दिवसभर ऊन. तळाला भाकरीचा चुरा. "पाव्हनं हायेत, उपाशी कसं ठेवू?" म्हणाले.

मी सांगितलं, पेटी उन्हातून काढा, खाणं चिमूटभरच द्या, आठवड्याला थोडं थोडं पाणी बदला. "आन् नळाचं पाणी आधी दिवसभर बादलीत उघडं ठेवा मामा. त्यातलं क्लोरीन उडून जाऊ द्या."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "सर, क्लोरीन जाऊ द्यायचं? मग राह्यलं काय पान्यात?"

तरी आठ दिवस त्यांनी सगळं ऐकलं. पाणी जरा निवळलं, पण हिरवी झाक जाईना. ईद तीन दिवसांवर आली. गुरुवारी सकाळी मामा माझ्या दारात उभे. शर्टाला जुना, नोकरीतला वास.

"सर, पानी एक नंबर झालं," ते म्हणाले. "मासं गेलं."

चमचाभर टीसीएल. सवयीचा हात, दुसरं काय.

मी म्हटलं, पुण्याहून तसेच पाच आणू, पोरीला कळणार नाही. ते म्हणाले, "तिला फसवू व्हय?" मला बरं वाटलं. पण शुक्रवारी फोनवर हाच माणूस म्हणाला, "बरे हायेत गं. आत्ताच जेवले." रिसीव्हर ठेवून ते खाली बघत म्हणाले, "सर, फोन मला येत न्हाई. माशांला येतो."

ईदला मी शिरखुर्म्याला गेलो. पेटीतलं पाणी आरसा. वनस्पती पिवळसर, पण उभ्या. रुबिना काचेला नाक लावून बसलेली.

"झाडामागं असत्याल," मामा म्हणाले.

ती पेटीच्या चारी बाजूंनी फिरून आली. मग म्हणाली, "हां नाना. काळा दिसला."

मामा तिच्या शेजारी जाऊन बसले. "काळा तर सगळ्यात आधी गेला, रुबी," ते म्हणाले आणि टीसीएलचं सगळं सांगून टाकलं. ती थोडी रडली. मामांनी विचारलं, "आता शुक्रवारी काय इचारशील?" तिनं काचेवरचा आपल्या नाकाचा ठसा पुसला.

पुढच्या शुक्रवारी मामा आले, पण साडेसहाला नाही, सातला पाच मिनिटं कमी असताना, आणि खुर्चीत न बसता दारातच उभे राहिले. सातला घंटी वाजली. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. गडबडीनं त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर वनस्पतींचा हालहवाल लिहून आणला होता, कुणाला नवं पान आलं, कोण वाकलंय. ते वाचायला लागणार, इतक्यात तिकडून ती काहीतरी म्हणाली.

मामांनी कागद मिटला. "जेवलो की," ते म्हणाले. "तू?"