भोकाचा पैसा आणि पैशाचं भोक

टिण्ण!

दुपारची वेळ. बाळूचा आत्ताच कुठे डोळा लागला होता. कुंदा श्वाससुद्धा बेताबेताने घेत होती. आणि नेमका त्याच्या कमरेचा करदोडा तुटून त्यातला भोकाचा पैसा फरशीवर पडला. पडला तो पडला, वर गिरक्या घेत वाजला! बाळूने असा सूर लावला की शेजारच्या इंदूबाई दळण टाकून धावत आल्या.

"काय झालं वं कुंदाबाई? पोरगं पडलं काय?"

"पोरगं नाही, पैसा पडला!"

बाळूला हलवल्याशिवाय झोप नव्हती आणि कुंदाचे हात आता खांद्यापासून निखळायचे तेवढे राहिले होते. म्हणून तर घरात बंगई, म्हणजे फळीचा झोपाळा, टांगायची होती. शिसवाची फळी शेंदूरजनाघाटहून तिच्या वडिलांनी, केशवरावांनी, पाठवली होती. संत्र्याच्या बागेच्या बांधावर कुंदाच्या आईने लावलेलं झाड होतं ते. आई गेली, मग झाडही वादळात आडवं झालं; त्यातून एवढी एकच फळी निघाली. रविवारी केशवराव नातवाला बंगईवर बघायला यायचे होते. फळीला फक्त चार भोकं हवी होती.

"सुतार कशाला?" कुंदाचा नवरा रविकांत म्हणाला. तो हायस्कुलात भूमिती शिकवत असे. "रोज फळ्यावर पन्नास वर्तुळं काढतो मी! चार भोकं म्हणजे चार वर्तुळं. नुसती आरपार!"

बंगई टांगायच्या कड्यांच्या सळ्या जानराव लोहाराकडे करायला टाकल्या होत्या. त्याने निरोप दिला होता, "मास्तरले सांगा, पोराच्या करदोड्यात भोकाचा पैसा असते ना, त्याच्या भोकाएवढं भोक पाडा." कुंदाने निरोप सांगितला तेव्हा बाळू मांडीवर टाहो फोडत होता. रविकांतने त्यातलं 'भोक', 'पैसा' आणि 'एवढं' ऐकलं, पडलेला पैसा खिशात टाकला आणि सायकलवर टांग मारली.

भगवंतरावांच्या हत्यारांच्या दुकानात गिरमिटाची पाती ओळीने टांगलेली. चपटी, पन्हाळीसारखी, पिळाची.

"शिसवाले चपटं चालत नाही, मास्तर. जळते. हे पिळाचं घ्या, टोकाले मळसूत्र आहे. आपसूक आत जाते. केवढं पाहिजे?"

रविकांतने पैसा काढून पात्याच्या तोंडावर ठेवला. तंतोतंत!

"एवढं? बैलगाडीचं काम आहे काय घरी?"

"बंगईचं आहे. मापात चूक नको!"

शनिवारी अंगणात समारंभ सुरू झाला. फळी हलू नये म्हणून एका टोकाला कुंदा बसली, दुसऱ्या टोकाला इंदूबाई. बाळूची पाच वर्षांची ताई शालू खोबरेलाची वाटी घेऊन उभी. रविकांतने गिरमिटाचा आडवा दांडा धरला आणि जोर केला. शिसव ते! गिरमिट जागचं हलेना, रविकांत मात्र त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरू लागला.

"मास्तर, पातं फिरून राहिलं का तुमीच फिरून राहिले?"

"इंदूबाई, बसा! तुमच्या वजनावर सगळा सिद्धांत उभा आहे!"

पहिलं भोक जेवणाआधी झालं. चौथं झालं तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते. पण भोकं अशी गुळगुळीत की कुंदाने कौतुकाने त्यातून बोट फिरवलं. मग दोन बोटं फिरवली. मग तिला कसंतरीच वाटलं.

तेवढ्यात जानराव सळ्या घेऊन आला. सळीच्या खालच्या टोकाला बोंड होतं, ते फळीखाली अडकायचं. त्याने सळी खालून घातली आणि वर ओढली. बोंडासकट ती वर आली! सगळी सळी त्याच्या हातात.

"मास्तर, म्या पैशाच्या भोकाएवढं म्हणलं होतं!"

"मग पैसाच तर नेला होता मी!"

"पैसा नाही, भोक न्या लागत होतं!"

"नुसतं भोक कसं न्यायचं दुकानात?"

जानरावने बोंड आणि फळीच्या मध्ये पत्रा लावून पाहिला. सळी भोकात खुळखुळायला लागली. कुंदा फळीवरचा भुसा पदराने पुसत राहिली आणि पुसलेल्या जागीच पुन्हा पुसत राहिली. रविकांत फोड आलेले हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होता. "कुंदा," तो म्हणाला, "तू मला दोन शिव्या दे ना."

शिव्या इंदूबाईंनी दिल्या. "बसून काय राहिले दोघं? एवढ्या भोकातून आमचा विहिरीचा नाडा जाईन!"

गेला की! एवढा जाड दोर, पण सुईत दोरा जावा तसा. खाली मुठीएवढ्या गाठी मारल्या. बंगई आढ्याला टांगली, तिच्यावर आधी रविकांत बसला, मग इंदूबाई. आणि इंदूबाईंना पेलल्यावर बाळूची चिंता उरली नाही.

रविवारी केशवराव आले. टोपी काढून आधी फळीवर हात फिरवला, बराच वेळ. मग नाडा ओढून पाहिला.

"कड्या कावून नाही लावल्या, जावईबापू?"

रविकांत भिंतीकडे बघू लागला. कुंदाने तोंडाला पदर लावला.

"समजलं," केशवराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "कडीत लेकराचं बोट चेंगरते. नाडा बरा. भोकं बी नाड्याच्या मापाचीच पाडली! कुंदे, दूरचा विचार करणारा माणूस आहे तुझा."

रविकांतने मान नम्रपणे खाली घातली. बंगईवर बाळू गाढ झोपला होता. शालूने कुंदाचा पदर ओढला.

"आई, दूरचा विचार भोक पाडायच्या आधी करतात, का नंतर?"