अस्वलानं पास केलेली भिंत

“थे भिंत मी एका लाथेत पाडतो! आन् तेबी डाव्या पायानं!”

आलापल्लीजवळच्या एका गावात, चहाच्या टपरीवर कय्यूम मिस्त्रींनी ही घोषणा केली तेव्हा ऐकायला अकरा माणसं होती. संध्याकाळपर्यंत ती गावातल्या शेळ्यांनासुद्धा पाठ झाली! मिस्त्रींचा शब्द कुणी हलक्यात घेत नसे. चाळीस वर्षं सागवानात घालवलेला माणूस. वासावरून लाकूड ओळखायचा, आणि ज्याच्या घरी प्लायवूडचं कपाट दिसेल त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचा नाही.

दुखणं एवढंच होतं, की ती भिंत त्यांच्या पोरीनंच उभी केली होती.

नाजिया चंद्रपूरहून बांधकामाची पदविका घेऊन आली ती एक खूळ सोबत घेऊनच. आपण ज्यूस पिऊन फेकतो ना ते कागदी डबे, त्यांचा चुरा करून, तापवून, दाबून जाडजूड पत्रे बनवतात म्हणे. ना पाणी लागत, ना वाळवी! सरपंच मीराबाईंनी तिच्यावर विश्वास टाकला आणि शाळेच्या आवारात त्या पत्र्यांची वाचनखोली उभी राहिली. गावानं तिचं नाव ठेवलं ‘ज्यूसची खोली’. “पावसात भिजली का पाइप लावून पेऊन घेऊ!” असं लोक एकमेकांना टाळ्या देत सांगायचे.

मिस्त्रींनी फक्त एक अट घातली होती. “दार माह्यं राहीन!”

आणि त्यांनी दीड इंच जाडीचं सागवानी दार बसवलं. खिडक्यांना लोखंडी गजही स्वतःच ठोकले. “दारातून चोराचा बाप येऊ शकत नाई,” ते म्हणाले. “भिंतीतून आला तर मले इचारू नोका!”

आज दुपारी तीन वाजता तालुक्याचे इंजिनिअर साहेब खोली बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली तर तीन अंगणवाड्या याच पत्र्यांच्या होणार, आणि काम नाजियाकडे. नाही पडली तर काय, ते मिस्त्रींनी सकाळीच ऐकलं होतं. पोरगी अंगणात फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “सायेब नाई म्हणले तर मी पुण्याची नोकरी धरीन. माह्या अब्बालेच भरोसा नाई, तर लोकाईले कुठून राहीन?”

मिस्त्रींच्या हातातला चहा निवला. पुणं! म्हणजे पोरगी ईदेपुरती यायची. टपरीवर मारलेली बढाई त्यांना पहिल्यांदाच खुपली.

बारा वाजता, सारं गाव जेवायला बसलेलं असताना, मिस्त्री हातोडा, पटाशी आणि सागवानाच्या दोन पट्ट्या घेऊन गुपचूप खोलीत शिरले. बेत साधा होता. भिंत तपासायची, आणि कुठं कच्ची निघाली तर आतून सागवानाचा टेकू द्यायचा. पोरीला कळायलाही नको.

सुरुवात अर्थातच डाव्या पायानं केली.

भिंत हलली नाही. मिस्त्री हलले! अंगठा धरून त्यांनी खोलीला दोन फेऱ्या मारल्या. मग हातोडा हाणला. हातोडा उडून परत आला. पटाशीनं कोपरा खरवडला, तर आत तेच, घट्ट आणि चमचमणारं. बाटलीतलं पाणी ओतलं, तर ते अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली गेलं. “वा!” मिस्त्री बोलून गेले, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यांनी मागं पाहिलं.

खरंच, मंडळी, माणूस कारागीर होता. चांगली वस्तू हाताखाली आली की त्याचा हात खोटं बोलत नसे. ते मागच्या भिंतीला कान लावून, बोटानं टकटक करत, इतके रंगून गेले की शाळेचे शिपाई पोचूभाऊ आले कधी, “शेळ्या घुसतीन” म्हणून आत न बघताच दार लोटून कुलूप लावलं कधी आणि चावी खिशात टाकून जेवायला गेले कधी, त्यांना पत्ताच लागला नाही!

लागला तेव्हा उशीर झाला होता. मिस्त्रींनी दार ढकललं. दार त्यांचंच, ते कसलं हलतंय! लाथ मारावी, तर स्वतःच्या दाराला मारणार कोण? खिडकी उघडून हाक मारावी, तर गाव म्हणणार, बाप हातोडा घेऊन पोरीची खोली पाडायला आला! उरला एकच मार्ग. मागचा एक पत्रा जरासा सरकवायचा, बाहेर पडायचं, परत बसवून द्यायचा.

तीन वाजले तरी पत्रा सुतभरही सरकला नव्हता. घामाघूम मिस्त्री पट्टीचा टेकू लावून, “हूंऽऽ! हूंऽऽ!” करत जोर लावत होते, आणि बाहेर जीप येऊन थांबली, मागोमाग नाजियासकट सारं गाव.

“आतमंदी काय हाय?” मीराबाईंनी विचारलं.

पोचूभाऊ चावी काढून कुलपाजवळ गेले, कान दिला आणि पांढरेफटक पडले. दिवस मोहफुलांचे, म्हणजे अस्वलांच्या मेजवानीचे. कालच त्यांनी शाळेमागच्या मोहाखाली अस्वल पाहिलं होतं.

“अस्वल! मीच कोंडलो त्याले!” ते ओरडले आणि असे धावत सुटले की चावी कुठं उडाली ते त्यांनाही कळलं नाही. गाव शाळेच्या ओट्यावर चढलं. साहेब जीपमध्ये शिरले आणि काच बोटभर खाली करून म्हणाले, “मॅडम, मागं या! डब्यांच्या भिंती त्या, आता फुटतील!”

“नाई फुटत, सायेब.” नाजिया जागची हलली नाही. “मी बांधली हाय ते.”

“अस्वलापुढं अर्धा तास टिकली, तर इथंच सही करतो!”

आत मिस्त्री “अरे, मी हावो!” म्हणायला तोंड उघडूनच उभे होते. त्यांनी ते मिटलं.

मग हातोडा उचलला.

काय सांगावं! चाळीस वर्षांत सागवानाला घातले नसतील असे घाव त्यांनी भिंतीला घातले. पाठीनं धडका दिल्या. मधूनमधून गुरगुरले. “दम हाय का पोरी तुह्या भिंतीत?” असं मनात म्हणत हाणायचे, आणि प्रत्येक घावाला डोळे मिटून घ्यायचे, भिंत फुटू नये म्हणून! ओट्यावर गाव मोठ्यानं घाव मोजत होतं. तिसाच्या पुढं गेल्यावर टाळ्या सुरू झाल्या. “काय भिंत हाय वो!” ‘पाइप लावून पेऊ’ म्हणणारेच सगळ्यांत जोरात ओरडत होते.

पंचविसाव्या मिनिटाला वनरक्षक रोशन आला. गडी तयारीचा! अस्वलाला आधी नरम करायचं म्हणून त्यानं मडक्यात निखारे घेतले, वर दोन मुठी सुक्या मिरच्या टाकल्या आणि मडकं दाराच्या फटीशी ठेवलं. आत एक शिंक झाली. मग सात. मग धाडकन खिडकी उघडली आणि गजाआडून अस्वल म्हणालं, “रोशन, बुजव थे! मरून राह्यलो ना मी!”

“अब्बा?” नाजिया किंचाळली.

चावी सापडेना. मडकं ओढलं तरी धूर आत कोंडलेला, मिस्त्रींना धाप लागलेली. “भिंत फोडा!” मीराबाई ओरडल्या. रोशननं कुऱ्हाडीचे चार घाव भिंतीला घातले. चार बारीक खाचा पडल्या. “मंग दार फोडा!” पाचव्या घावाला दीड इंची सागवान कोयंड्याशी फाटलं आणि कय्यूम मिस्त्री खोकत, लंगडत, डोळे पुसत बाहेर आले.

साहेब जीपमधून उतरले. “म्हणजे अस्वल नव्हतंच! मग टिकली कशी म्हणायची?”

नाजियानं मान खाली घातली. तेवढ्यानं मिस्त्रींना कंठ फुटला.

“सायेब, अस्वलाजवळ हातोडा रायते काय? मी हातोड्यानं हाणलो! चाळीस वर्सं रंधा मारनारा हात हाय हा. पाडाले म्हणून आलो नोयतो, तपासाले आलो होतो. लिहून घ्या माह्या नावानं. थे भिंत माह्यानं नाई फुटली. माह्या पोरीनं बांधली हाय!”

नाजिया रडत होती की मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं होतं, सांगता येत नव्हतं. साहेबांनी आत जाऊन भिंतीवरून हात फिरवला, एकदा मिस्त्रींच्या टमाट्यासारख्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

गर्दी पांगल्यावर नाजिया टेप घेऊन फाटक्या दारापाशी आली. “अब्बा, नवं दार सागवानाचंच ना?”

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. फाटलेल्या सागवानावरून बोट फिरवलं.

“नाई. तुह्या पत्र्याचंच लाव.” मग इकडंतिकडं बघत ते हळूच म्हणाले, “फक्त कडी अशी लाव बेटा, का आतून उघडन.”