उतू जाण्यासाठी दोन लिटर

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता, बोरडीह गावातल्या श्यामराव ढोमण्यांच्या नव्या घरात स्वयंपाकाची पाच साधने होती. गॅसची एक शेगडी आणि तिच्यासोबत रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या जुन्या घरातून आणलेले एकच सिलिंडर. दोन हजार वॅटची एक इंडक्शन शेगडी. परसात गोबर गॅसची एक टाकी, शेजारच्या फुलेश्वरीबाईंच्या पाच म्हशींच्या भरवशावर बावीस दिवसांपूर्वी भरलेली. अंगणात सूर्यचुलीची एक चकचकीत तबकडी, व्यास सव्वा मीटर. आणि मागच्या भिंतीला टेकून फुलेश्वरीबाईंनीच लिंपून दिलेली मातीची एक चूल. चुलीच्या नावापुढे श्यामरावांच्या मुलीने, शर्मिष्ठाने, आपल्या वहीत ‘तात्पुरती, अंघोळीच्या पाण्यापुरती’ असे लिहिले होते. याशिवाय दोन लिटर म्हशीचे दूध, तेवीस पाहुणे, एक गुरुजी आणि फाटकाबाहेर उभा एक टेम्पो. टेम्पोत श्यामरावांच्या पत्नी कुमुदताईंचे लोखंडी कपाट दोरीने बांधलेले होते.

ती दोरी सोडायला कुमुदताईंनी मनाई केली होती.

“वास्तुशांत झाली, आता दूध उतू जाऊ दे,” त्या म्हणाल्या होत्या. “घरच्या चुलीवर, मुहूर्ताच्या आत. गेलं तं मी इथं राहीन. नाही गेलं तं कपाट जसं आलं तसं परत चौबे कॉलोनीत. किल्ली अजून माह्याचपाशी आहे.”

यात त्यांचा हट्ट कमी आणि भीती जास्त होती. बोरडीहला पाइपचा गॅस येण्याची चिन्हे नव्हती. सिलिंडरची गाडी आठवड्यातून एकदा यायची, तीही सरपंचाच्या दारापर्यंत. कुमुदताईंच्या आईचे डोळे चुलीच्या धुराने गेले होते, हे त्या कोणाला सांगत नसत, पण विसरतही नसत. तिकडे तीस वर्षे गाड्यांना सिग्नल देऊन निवृत्त झालेल्या श्यामरावांना, जिथे गाडीचा आवाज येणार नाही अशी जागा हवी होती. दोघांमध्ये शर्मिष्ठा उभी होती. तिने भौतिकशास्त्रात एमएस्सी केले होते आणि आईला शब्द दिला होता, “धुराशिवाय चार सोयी करून देते. एक बंद पडली तर दुसरी.” आता हा मुहूर्त चुकला तर पुढे धनुर्मास. संक्रांतीपर्यंत काही नाही, आणि तोवर आईचे मन पक्के होऊन जाईल, हे तिला ठाऊक होते.

मुहूर्त सव्वाअकरापर्यंत होता. वेळ भरपूर होता.

पहिले साधन नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाद झाले. मांडवात आचारी मोठ्या कढईपुढे हात जोडल्यासारखा उभा होता.

“मामा, सिलिंडर संपलं,” शर्मिष्ठा म्हणाली.

नरेशमामा हे कुमुदताईंचे धाकटे भाऊ. ते कालच नागपूरहून आले होते. “असं कसं संपलं? आताच तं भजी काढून राहिला होता तो!”

“म्हणूनच संपलं. मी वरण, भात, भाजी अन् दूध एवढा हिशोब करून सिलिंडरचं वजन केलं होतं. भजी कोणी सांगितली?”

मामांनी तोंडातले भजे गिळले. “टेम्पोवाल्याले भूक लागली होती.”

तिने वहीत एक रेघ ओढली आणि शांतपणे इंडक्शनकडे वळली. कुमुदताईंनी त्यावर आपल्या सासूबाईंचे पितळेचे पातेले ठेवले, हळदकुंकू वाहिले, दूध ओतले आणि हात जोडले. शेगडीने तीनदा टीटी केले आणि बंद झाली.

“पितळ चालत नाही हिला, आई. स्टीलचं घे, चुंबक चिकटतो ते.”

“माह्या सासूचं पातेलं हिले चालत नाही?” कुमुदताईंनी शेगडीकडे पाहिले. “अन् त्यायच्या लेकाच्या घरात मात्र ही चालते.”

गुरुजी रायपूरच्या पुरानी बस्तीतून आले होते आणि त्यांना दुपारी तिकडेच एक बारसे होते. त्यांनी निर्णय दिला, की दूध महत्त्वाचे, भांडे गौण. स्टीलचे पातेले आले. दूध ओतले. पुन्हा हळदकुंकू. सगळे अक्षता घेऊन अर्धगोलात उभे राहिले. आपल्या यंत्रावर खूश असलेल्या शर्मिष्ठाने ‘दूध’ असे लिहिलेले बटण दाबले.

सात मिनिटांत दूध तापले. मग कडेने बारीक बुडबुडे आले. साय थरथरली, वर आली, काठाला लागायला दोन बोटे उरली आणि खाली बसली. पुन्हा वर आली. पुन्हा खाली बसली. अक्षता घामाने ओल्या झाल्या.

“काहून थांबते ते?” श्यामरावांनी विचारले.

शर्मिष्ठाने बटणाकडे पाहिले आणि तिचे तोंड उतरले. “बाबा, हे बटण दूध उतू जाऊ नये म्हणून आहे.”

कुमुदताईंनी मात्र त्या शेगडीकडे सकाळपासून पहिल्यांदा आदराने पाहिले. “कळते हो हिले,” त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून दूध एकदाही उतू गेले नव्हते, आणि ही गोष्ट चौबे कॉलोनीत तिन्ही मजल्यांवर माहीत होती.

शर्मिष्ठाने ते बटण बंद करून पूर्ण दोन हजार वॅट लावले. नेमक्या त्याच क्षणी पाहुण्यांना हातपाय धुता यावेत म्हणून मामांनी विहिरीवरचा पंप सुरू केला. घरातला पंखा मंदावला, थांबला, आणि गल्लीच्या टोकाला खांबावर फट् असा आवाज झाला. बोरडीहच्या अर्ध्या पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, वीज गेली.

“लाइनमन तिकडं उरला गावाले गेला आहे,” श्यामराव फोन ठेवत म्हणाले. “दुपारी येतो म्हणते.”

दहा वाजून वीस मिनिटे. अंगणात ऊन पडले होते, पण सूर्यचुलीवर नव्हते. मांडव तिच्यावरच उभारला होता. काल संध्याकाळी मांडववाल्याने विचारले होते, “दीदी, ये थाली हटा दूँ?” आणि तिने तबकडीचा कोन बिघडेल म्हणून “हात लावू नको” असे बजावले होते. आता तबकडी कापडी छताखाली, पंचवीस खुर्च्यांच्या मधोमध, अत्यंत अचूक कोनात उभी होती, आणि मांडव उतरवल्याशिवाय बाहेर निघणार नव्हती. तिच्यात पाहुण्यांपैकी एका मावशीबाईंनी चपला ठेवल्या होत्या.

उरला गोबर गॅस. टाकीत गॅस होता, काट्यावर दिसत होता. शर्मिष्ठाने काडी लावली. वाटाण्याएवढी निळी ज्योत उगवली, कुमुदताईंनी पातेले ठेवले आणि ज्योत विझली. तिसऱ्या काडीला तिने कबूल केले, “थंडीत टाकीला तीस दिवस तरी लागतात. सुरुवातीचा गॅस पेटत नाही नीट.”

“मंग तं तुह्या चारही सोयी झाल्या,” कुमुदताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होते. त्यांनी पदर खोचला आणि फाटकाकडे, टेम्पोकडे पाहिले.

“चूल आहे ना अवं,” श्यामराव हळूच म्हणाले.

फुलेश्वरीबाई केव्हाच चुलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी छेने, म्हणजे गोवऱ्या, रचून ठेवल्या होत्या. शर्मिष्ठाने वहीत चुलीची नोंद काढली आणि ‘तात्पुरती’ या शब्दावर बोट ठेवून उभी राहिली.

दूध आता पितळेच्या पातेल्यात परत गेले. जाळ लागला. धूर कुमुदताईंकडे न जाता उलट्या बाजूला, गुरुजींकडे गेला. सगळ्यांना जरा हुरूप आला, आणि त्या हुरूपात शर्मिष्ठाने मामांच्या हातातला पंचांगाचा कागद वाचला.

“मामा, हे पंचांग नागपूरचं आहे.”

“मंग? आपलं नेहमीचंच आहे.”

“रायपूर नागपूरच्या अडीच अंश पूर्वेला आहे. सूर्य इथं दहा मिनिटं आधी उगवतो. म्हणजे मुहूर्त सव्वाअकरापर्यंत नाही, अकरा-पाचपर्यंतच आहे.”

गुरुजींनी डोळे पुसले, ते धुरामुळे.

“पोट्टी शिकवली, चांगलं केलं भाऊजी,” मामा शेवटी म्हणाले.

दहा अठ्ठावन्नला दूध उठले. साय फुगली, पिवळसर घुमट काठाच्या वर आला. गुरुजींनी मंत्राला सूर लावला, मामांनी अक्षता उचलल्या. आणि कुमुदताईंचा उजवा हात, त्यांना न विचारता, सांडशी घेऊन पुढे गेला आणि पातेले जमिनीवर उतरवून मोकळा झाला.

मंत्र अर्ध्यात थांबला.

“ताई!” मामा ओरडले.

कुमुदताईंनी सांडशीकडे पाहिले. “अरे देवा.”

पातेले पुन्हा चुलीवर गेले. सांडशी काढून घेतली. अकरा वाजून चार मिनिटांनी दूध दुसऱ्यांदा उठले, आणि कुमुदताईंनी वाकून फू केले. घुमट बसला. अकरा-पाच वाजून गेले. गुरुजींनी मांडी बदलली.

“मी नाही केलं,” कुमुदताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “माह्या तोंडानं केलं.”

फुलेश्वरीबाईंनी आणखी एक छेना सरकवला. “झन देख वो बाई. देखबे त नइ उफनय.”

“पाहू नको म्हणते ते, पाहशील तं उतू जात नाही,” श्यामराव म्हणाले. मग तेवीस पाहुण्यांसमोर त्यांनी बायकोला खांदा धरून भिंतीकडे तोंड करून बसवले, स्वतः तिच्यापुढे बसले आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले. लग्नाच्या फोटोनंतर हे कोणी पाहिले नव्हते.

“अहो, आलं वाटते.”

“येऊ दे.”

“वास येऊन राहिला. जाईल ना हो सगळं!”

“जाऊ दे, कुमुद.”

“फुंकर तं मारू द्या एक.”

“नाही.”

चर्र झाले. दूध पूर्वेच्या काठावरून उतरले, चुलीच्या तोंडावर पडले, राखेत गेले. कुमुदताईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि चर्र होत राहिले तोवर त्यांचे खांदे उडत होते. अक्षता पडल्या. मग सगळे शर्मिष्ठाकडे पाहू लागले, कारण घड्याळ तिच्या हातात होते.

“किती वाजले?” भिंतीकडे तोंड करूनच कुमुदताईंनी विचारले.

“अकरा बारा.” तिला खोटे सांगता येत नव्हते. “आई, रायपूरच्या हिशोबानं सात मिनिटं—”

कुमुदताईंनी नवऱ्याच्या हातातून हात सोडवले नाहीत. “माहा जन्म कुठला, नरेश?”

“नागपूरचा, ताई.”

“मंग मले नागपूरचं पंचांग लागू आहे. सव्वाअकराच्या आत गेलं.” मग त्या वळल्या. “अन् त्या टेम्पोवाल्याचं भजी खाऊन झालं असंल तं त्याले म्हणा, कपाटाची दोरी सोड.”

एकतीस जानेवारीला शर्मिष्ठाने वहीत महिन्याची बेरीज लिहिली. इंडक्शन, सोळा दिवस. गोबर गॅस, दहा दिवस. सूर्यचूल, पाच दिवस. चूल, अंघोळीच्या पाण्यासाठी, रोज. तापवलेले दूध, सेहेचाळीस लिटर पाचशे मिलीलिटर. उतू गेलेले दूध, शून्य.